रॉक क्रिटिक लोक एवढे चुकतात, तरी त्यांना वाचायचं कशाला?

१९७४ ची गोष्ट. डेट्रॉईटमध्ये जे. गाइल्स बँडचा शो चालू होता, शेवटची गाणी आली होती, आणि स्टेजवर एक झुपकेदार मिशीवाला, थोराड अंगाचा माणूस येऊन बसला. त्याच्यासमोर ना गिटार ना कीबोर्ड, साधा टाइपरायटर, आणि त्या टाइपरायटरला माइक लावलेला. बँड जोरात वाजवतोय आणि हा तिथल्या तिथे त्याच शोचा रिव्ह्यू टाइप करतोय, खटखट खटखट, तालात. शेवटी टाइपरायटरचाच चक्काचूर केला, जशा त्या काळात गिटारी फोडायचे तसा. हा लेस्टर बँग्ज. मला कोणी विचारलं ना की रॉक क्रिटिक म्हणजे नक्की काय असतो, तर मी आधी हीच गोष्ट सांगतो, कारण बाहेर बसून मार्क देणारा परीक्षक वेगळा आणि स्टेजवर चढून टाइपरायटर वाजवणारा वेगळा, आणि रॉकमधले चांगले क्रिटिक बहुतेक दुसऱ्या जातीचे निघाले.

आता हे असं का झालं ते नीट समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर ही सगळी मंडळी नुसती तऱ्हेवाईक वाटतात. आपल्याकडे शास्त्रीय गाण्याच्या मैफलीबद्दल लिहायचं तर हातात मापं तयार असतात. सूर लागला का, लय सांभाळली का, राग शुद्ध ठेवला का, बंदिशीला न्याय दिला का. मतभेद होतील पण कशावर भांडायचं हे ठरलेलं असतं. रॉकमध्ये मात्र पंचाईत अशी की ही मापं लावली तर अर्धा रॉक नापास होतो. बॉब डिलनचा आवाज घ्या, पारंपरिक अर्थाने गोड आवाज तो नाहीच. तीन कॉर्डवर उभी असलेली गाणी, ड्रमर जेमतेम ताल धरतोय, गायक ओरडतोय, आणि तरी ते गाणं ऐकून माणसाचं आयुष्य बदलतं. मग चांगलं कशाला म्हणायचं? १९६५-६६ पर्यंत याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, कारण प्रश्नच कोणी विचारला नव्हता. पेपरवाले रॉकला पोरांचा धिंगाणा समजायचे आणि पोरांच्या मासिकांत हिरोचा आवडता रंग कोणता ते छापून यायचं.

१९६६ च्या फेब्रुवारीत पॉल विल्यम्स नावाच्या १७ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने क्रॉडॅडी नावाचं मासिक काढलं, चक्क सायक्लोस्टाइल करून. त्यात गाण्यांबद्दल गंभीरपणे लिहायचं एवढंच ठरवलेलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून रोलिंग स्टोन सुरू झालं, १९६९ ला डेट्रॉईटहून क्रीम, आणि न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकात रॉकवर नियमित कॉलम येऊ लागले. लिहिणारे सगळे विशी-पंचविशीतले. मापं नव्हतीच, म्हणून त्यांनी स्वतःलाच माप केलं, म्हणजे माझ्या कानाला काय झालं, माझ्या अंगावर काटा आला का, त्या रात्री मी कुठल्या अवस्थेत होतो, हे सगळं रिव्ह्यूत यायला लागलं. आज ते आपल्याला नेहमीचं वाटतं पण तेव्हा ती नवीन गोष्ट होती. आणि माप स्वतःच असल्यावर चूकसुद्धा स्वतःची होते, मोठी होते आणि कायमची नावावर लागते.

पहिली गाजलेली चूक रिचर्ड गोल्डस्टीनची. जून १९६७ मध्ये बीटल्सचा सार्जंट पेपर आला, सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि विशीतल्या या माणसाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की हा अल्बम फाजील लाडाने बिघडलेल्या मुलासारखा आहे. वाचकांनी संतापून पत्रांचा पाऊस पाडला. आता त्याचं म्हणणं नीट वाचलं तर त्यात एक मुद्दा होता, की स्टुडिओतल्या करामतींनी गाणं झाकलं जातंय. हा मुद्दा पुढची पन्नास वर्षं रॉकमध्ये पुन्हा पुन्हा निघाला. निकाल चुकला पण प्रश्न बरोबर होता, आणि हे या धंद्यात फार वेळा होतं.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती लेड झेपलिनच्या बाबतीत. मार्च १९६९ मध्ये रोलिंग स्टोनमध्ये जॉन मेंडेलसनने त्यांचा पहिला अल्बम झोडपला. यात नवीन काही नाही, जेफ बेकच्या बँडने हेच आधी केलंय, जिमी पेज गिटार वाजवतो ठीक पण गाणी लिहायची कल्पनाशक्ती कमी, असा सूर. पुढे २००३ साली त्याच रोलिंग स्टोनने आजवरच्या ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी काढली त्यात हा अल्बम २९ व्या नंबरवर. मधली गंमत म्हणजे क्रिटिकना वैतागून १९७१ चा चौथा अल्बम पेजने बिननावाचा काढला, कव्हरवर बँडचंसुद्धा नाव नाही, म्हणजे नाव बघून आधीच मत बनवायची सोयच ठेवली नाही. (याच पेजने आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांटने १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवलंही. तिथे त्या रात्री ज्यांनी उभं राहून ऐकलं त्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो.)

पण मेंडेलसन एकटा नव्हता. हेवी आवाजाच्या जवळजवळ सगळ्या बँडना पहिल्या फळीतल्या क्रिटिकनी हाणलं. कारण काय? एक तर यातले बरेच जण कॉलेजात इतिहास नाहीतर साहित्य शिकून आलेले, शब्दांवर प्रेम, आणि झेपलिन किंवा ब्लॅक सॅबथमध्ये शब्द ही दुय्यम गोष्ट, तिथे सगळी ताकद आवाजाच्या वजनात आहे. दुसरं म्हणजे हे लोक तीन मिनिटांच्या फास्ट गाण्यांवर वाढलेले, त्यांना लांबलेल्या सोलोचा कंटाळा. तिसरं, कंपनीने ज्याचा गाजावाजा केला त्याच्याकडे संशयाने बघायचं ही सवय, आणि झेपलिनला ॲटलांटिक कंपनीने पैसे भरपूर दिले होते. चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऐकणारी पोरं बदलली होती. १९६९ ला तेरा-चौदा वर्षांच्या पोराला जे हवं होतं ते चोवीस-पंचवीसच्या क्रिटिकला कळत नव्हतं. रॉकमध्ये दहा वर्षांत माणूस थोरला भाऊ होतो आणि थोरल्या भावाला धाकट्याची गाणी नुसता गोंगाट वाटतात. हे आपल्या घरीही होतंच की.

क्वीनचंही तसंच. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आपल्या फ्रेडी मर्क्युरीचा बँड, १९७९ मध्ये त्यांच्या जॅझ या अल्बमबद्दल रोलिंग स्टोनमध्ये डेव्ह मार्शने लिहिलं की हा बहुधा पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड असावा. त्याचं कारण 'वी विल रॉक यू', त्याला ते गाणं वरून आलेल्या हुकुमासारखं वाटलं, तुम्ही आम्हाला नाही हलवणार, आम्ही तुम्हाला हलवणार. मला हे मत साफ अमान्य आहे. स्टेडियममध्ये हजारो लोक एकाच तालात पाय आपटतात तेव्हा तिथे कोणी कोणाचा हुकूम पाळत नसतो, ते गाणं तेव्हा लोकांचंच झालेलं असतं. पण मार्शच्या त्या वाक्यानंतर मी ते गाणं पुन्हा ऐकलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात सुरुवातीपासून शेवटाच्या गिटारपर्यंत दुसरं वाद्य जवळपास नाहीच, फक्त पाय आणि टाळ्या. तीस वेळा ऐकून जे दिसलं नव्हतं ते एका चुकीच्या मताने दाखवलं. याच मार्शने १९७१ मध्ये क्रीममध्ये 'पंक रॉक' हा शब्द वापरला होता, अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक, म्हणजे ज्या माणसाच्या कानाला आपण नावं ठेवतो त्याच्याकडून घेतलेला शब्द आपण आजही रोज वापरतो.

आता रॉबर्ट क्रिस्टगाउ. याच्यावर थोडं थांबतो, कारण हा माणूस एकटाच एक पद्धत आहे. जन्म १९४२, न्यूयॉर्कचा, वडील आगीच्या बंबावर नोकरीला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पार्टीत जरा घेतलेली असताना याने स्वतःची ओळख 'डीन ऑफ अमेरिकन रॉक क्रिटिक्स' अशी करून दिली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. जुलै १९६९ मध्ये त्याने व्हिलेज व्हॉइसमध्ये 'कन्झ्युमर गाइड' सुरू केलं. अडचण साधी होती, घरी रेकॉर्ड येतायत ढिगाने आणि कॉलममध्ये जागा थोडी. मग याने शाळामास्तरासारखं ए प्लसपासून ई मायनसपर्यंत ग्रेड द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक अल्बमला एक छोटा परिच्छेद. त्या काळातल्या हिप्पी मंडळींना हे अजिबात आवडलं नाही, संगीत म्हणजे काय साबण आहे का मार्क देऊन विकत घ्यायला. क्रिस्टगाउला तीच टोचणी द्यायची होती. रेकॉर्ड ही विकत घ्यायची वस्तू आहे, तुमच्या खिशातून पैसे जातात, मग कोणीतरी सरळ सांगायला नको का.

त्या परिच्छेदांची बांधणी बघण्यासारखी असते. समजा ऐंशी-नव्वद शब्द. त्यात पहिल्या वाक्यात बँड कुठून आला, दुसऱ्यात आधीच्या अल्बमपेक्षा काय बदललं, तिसरं वाक्य एवढं दाबून भरलेलं की दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही, मग एखादा टोला, आणि शेवटी ग्रेड. मी सुरुवातीला फक्त ग्रेड बघायचो. नंतर कळलं की ग्रेड हा परिच्छेदाचाच शेवटचा शब्द असतो, तोडून बघितला तर अर्थ निघून जातो. बी प्लस वाचताना कुठे तो हळहळतोय आणि कुठे आश्चर्याने खूश झालाय हे वरच्या चार ओळींवरूनच समजतं. १९९० मध्ये त्याने पद्धत बदलली, मधल्या सुमार रेकॉर्डवर शब्द घालवणं बंद केलं, एखादंच गाणं चांगलं असेल तर कात्रीचं चित्र आणि वाया गेलेल्या अल्बमला बॉम्बचं. वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, 'टर्की शूट' नावाचा कॉलम, त्यात वाईट रेकॉर्डची रांग लावून शिकार. त्याच्या आवडीनिवडी ठाम होत्या. मेटल आवडत नाही, लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉक आवडत नाही, न्यूयॉर्क डॉल्स आणि रामोन्स हे बँड जिवापाड आवडतात, आणि आफ्रिकेतलं पॉप त्याने इतर गोऱ्या क्रिटिकच्या कितीतरी आधीपासून मनापासून ऐकलं आणि लिहिलं.

कलाकारांना राग यायचाच. न्यूयॉर्कचा रॉक गायक लू रीड, त्याने १९७८ च्या लाइव्ह अल्बमवर स्टेजवरूनच क्रिस्टगाउला नाव घेऊन शिव्या घातल्या, वर्षभर घाम गाळायचा आणि या माणसाने बी प्लस द्यायचा, असा त्याचा त्रागा. क्रिस्टगाउने त्या अल्बमचा रिव्ह्यू लिहिला, माझ्या नावाचा उच्चार बरोबर केल्याबद्दल आभार मानले आणि सी प्लस दिला. मला यात दोघंही आवडतात. रीडचा त्रागा खरा आहे, एका अक्षरात वर्षभराची मेहनत बसवणं क्रूरच आहे. आणि शिव्या खाऊनसुद्धा सूड न घेता, ऐकून, जो योग्य वाटला तो ग्रेड देणं यालाही हिंमत लागते. २००६ मध्ये व्हिलेज व्हॉइसने त्याला काढून टाकलं तरी त्याने गाइड थांबवलं नाही, इकडून तिकडे हलवत चालू ठेवलं, पुढे इंटरनेटवर स्वतःचं न्यूजलेटर काढलं.

ग्रील मार्कस या क्रिटिकची गोष्ट वेगळी. जून १९७० मध्ये डिलनचा सेल्फ पोर्ट्रेट आला, दोन रेकॉर्डचा अल्बम, अर्धी गाणी दुसऱ्यांची. डिलनला त्या वेळी लोक देवासारखं मानत होते. मार्कसच्या रोलिंग स्टोनमधल्या रिव्ह्यूचं पहिलंच वाक्य, मी सभ्य करून लिहितो, 'हा काय कचरा आहे?' लोकांना तेवढंच आठवतं. पण तो रिव्ह्यू खूप लांब आहे, एकेक गाणं घेऊन केलेला, आणि त्यात चिडण्यापेक्षा दुखावलेपण जास्त आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याने असं का करावं, हा प्रश्न. ४३ वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच काळातली डिलनची न वापरलेली रेकॉर्डिंग्ज कंपनीने बाहेर काढली तेव्हा त्या सेटमधल्या पुस्तिकेत लिहायला कोणाला सांगितलं असेल? मार्कसलाच.

याच मार्कसने १९६९ मध्ये एक भन्नाट प्रकार केला होता. तेव्हा मोठ्या मोठ्या नावांना एकत्र आणून 'सुपर सेशन' काढायचं पेव फुटलं होतं. त्याला कंटाळून मार्कसने टोपणनावाने रोलिंग स्टोनमध्ये एका अल्बमचा रिव्ह्यू छापला, द मास्क्ड मरॉडर्स, यात म्हणे डिलन, मिक जॅगर, जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी कॅनडात हडसन बेच्या बाजूला गुपचूप रेकॉर्डिंग केलंय, एक गाणं तर अठरा मिनिटांचं आहे. असा अल्बम अस्तित्वातच नव्हता. पण लोक दुकानांत जाऊन मागायला लागले. मग बर्कलीच्या एका बँडला गाठून तो अल्बम खरोखरच रेकॉर्ड केला, वॉर्नर ब्रदर्सने बाजारात आणला आणि त्याच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. म्हणजे रिव्ह्यू आधी, रेकॉर्ड मागून. शब्दाची ताकद केवढी होती त्या वर्षांत ते यावरून कळतं.

आणि ताकद असली की जबाबदारीचा प्रश्न येतो, तो जॉन लँडाउच्या गोष्टीत नीट दिसतो. १९६८ मध्ये त्याने रोलिंग स्टोनमध्ये क्रीम बँडच्या शोबद्दल लिहिलं की त्यांचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन ब्लूजच्या घासून गुळगुळीत झालेल्या तानांचा उस्ताद आहे. क्लॅप्टनने पुढे सांगितलं की रेस्टॉरंटमध्ये बसून ते वाचलं आणि चक्कर येऊन पडलो, कारण ते खरं होतं. त्याच वर्षाअखेर बँड फुटला, कारणं इतरही होती पण या रिव्ह्यूचा हात त्याने स्वतः मान्य केलाय. मग मे १९७४, बॉस्टनजवळ केंब्रिजला हार्वर्ड स्क्वेअर थिएटरात एक तरुण गायक बॉनी रेटच्या आधी वाजवायला उभा राहिला. लँडाउने रिअल पेपर नावाच्या साप्ताहिकात लेख लिहिला, सुरुवातच अशी की पहाटेचे चार वाजलेत, पाऊस पडतोय, आज मला सत्तावीस पूर्ण झाली आणि म्हातारं झाल्यासारखं वाटतंय. पुढे येतं ते प्रसिद्ध वाक्य, मी रॉक अँड रोलचं भविष्य पाहिलं आणि त्याचं नाव ब्रूस स्प्रिंगस्टीन.

कोलंबिया कंपनीने तेवढं एक वाक्य उचललं आणि जाहिरातभर छापलं. लोक लेख विसरले. खरं तर तो लेख स्प्रिंगस्टीनपेक्षा लँडाउच्या स्वतःच्या थकव्याबद्दल आहे, रोज संगीत ऐकून ऐकून संगीतावरचा जीव उडालेल्या माणसाला एका रात्री पुन्हा तरुणपणासारखं वाटलं, एवढंच त्यात आहे आणि म्हणून ते वाक्य जाहिरातीतलं असूनही मला खोटं वाटत नाही. त्यानंतर लँडाउने बॉर्न टू रन या अल्बमच्या निर्मितीत भाग घेतला आणि पुढे तो स्प्रिंगस्टीनचा मॅनेजरच झाला. आता यात गैर काय? मला वाटतं ज्या दिवशी तो पलीकडे गेला त्या दिवशी त्याने परीक्षण सोडलं असतं तर काहीच गैर नाही, आणि त्याने टप्प्याटप्प्याने ते सोडलंच. पण ही रेघ या धंद्यात कायम पुसट राहिली. इंग्लंडमध्ये निक कोन नावाचा क्रिटिक होता, त्याला १९६९ मध्ये द हू बँडच्या पीट टाउनशेंडने टॉमी या एक गोष्ट सांगणाऱ्या अल्बमचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं, कोनला ते जड वाटलं. टाउनशेंडला माहीत होतं की कोन पिनबॉलच्या मशीनचा वेडा आहे. त्याने विचारलं, हिरो पिनबॉल खेळणारा केला तर? कोन म्हणाला मग उत्तमच, पाच स्टार. असं ते 'पिनबॉल विझर्ड' जन्माला आलं, एका रिव्ह्यूवाल्याला खूश करायला, आणि आज त्या अल्बममधलं सगळ्यात माहितीतलं गाणं तेच. याच कोनने १९७६ मध्ये न्यूयॉर्क मासिकात ब्रुकलिनच्या डिस्कोवर जो लेख लिहिला त्यावरून ट्रॅव्होल्टाचा सॅटरडे नाइट फीव्हर हा सिनेमा निघाला, आणि वीसेक वर्षांनी कोनने कबूल केलं की लेखातलं मुख्य पात्र त्याने रचलं होतं. हे मात्र मी माफ करू शकत नाही. मत चुकलं तर चालतं, पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिणं चालत नाही.

एवढी सगळी पुरुषांचीच नावं आली कारण तेव्हा खोलीत बहुतेक तेच होते. एलेन विलिस हा मोठा अपवाद. न्यूयॉर्कर मासिकाची पहिली पॉप क्रिटिक, १९६८ ते १९७५. तिची एक गोष्ट मी कधी विसरत नाही. ती स्त्रीवादी चळवळीत अगदी आघाडीला होती आणि रॉकमधल्या बऱ्याच गाण्यांत बायकांबद्दल वाईट लिहिलेलं असतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती म्हणायची की जे संगीत धीटपणे, ओरडून सांगतं की मला हे हवं, याचा मला राग आहे, ते ऐकून माझ्यातही तसंच बोलायचं बळ येतं, मग शब्द बाईच्या विरोधात का असेनात. आणि जे संगीत भित्रं आहे ते ऐकून मीही भित्री होते, त्याचं राजकारण कितीही बरोबर असलं तरी. गाण्याचे शब्द आणि गाण्याचं अंग हे दोन वेगळे बोलतात आणि कधी कधी एकमेकांविरुद्ध बोलतात, हे एवढ्या स्वच्छपणे मी दुसऱ्या कोणाकडूनच वाचलं नाही. लावणी ऐकताना, कव्वाली ऐकताना मला हे कितीदा तरी आठवलंय.

पुढचा काळ भरभर सांगतो. नव्वदीत इंटरनेट आलं, पिचफोर्क नावाची रिव्ह्यूची वेबसाइट निघाली आणि मार्क दशांशात गेले, ०.० ते १०.०. ६.८ आणि ७.१ मध्ये नक्की फरक काय यावर लोक रात्रभर भांडले. २००६ मध्ये जेट नावाच्या बँडच्या अल्बमला ०.० देऊन रिव्ह्यूच्या जागी एका माकडाचा व्हिडिओ टाकला, एक शब्द नाही. लिहिणाऱ्याने शब्द सोडून दिला तर मग राहतं काय, मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं. पण २०२१ मध्ये त्यांनीच १९ अल्बमचे मार्क जाहीरपणे बदलले, गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमचा ०.० होता तो ६.० केला, हे चांगलं केलं. मधे २००४ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये केलेफा सॅनेने 'रॉकिझम'वर लेख लिहिला, म्हणजे गिटार वाजवणारा, स्वतः लिहिणारा, घामाघूम होणारा तेवढा खरा कलाकार आणि नाचगाण्याचं पॉप म्हणजे खोटं, ही जी क्रिटिक लोकांची जुनी खोड होती तिच्यावर त्याने बोट ठेवलं. त्यानंतर वारं फिरलं, पॉपबद्दल आदराने लिहिलं जाऊ लागलं. योग्यच झालं. फक्त त्याबरोबर 'हे वाईट आहे' असं म्हणण्याची हिंमत पण कमी होत गेली असं मला वाटतं. आणि स्ट्रीमिंग आल्यावर तर कोणी सांगायची गरजच उरली नाही, दाबलं की गाणं वाजतं.

आपल्याकडे हे उलटं होतं, ते नव्या पोरांना सांगितलं पाहिजे. नव्वदीत परदेशी रेकॉर्ड मिळायची मारामार, मिळाली तर परवडायची नाही. अमित सैगलने १९९३ मध्ये अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल काढलं तेव्हा कुठे देशभरातल्या पोरांना वाटलं की आपल्यासारखे अजून आहेत. बाकी मग रद्दीच्या दुकानात आणि फोर्टच्या फूटपाथवर जुन्या मासिकांचे अंक चाळायचे. त्यामुळे मी कितीतरी अल्बम आधी वाचले आणि वर्षांनी ऐकले. वाचूनच ते डोक्यात वाजायचे.

त्यात बँग्ज सगळ्यात जास्त वाजायचा. जन्म १९४८, कॅलिफोर्नियातला, आई जेहोवाज विटनेस पंथाची, कडक, वडील लहानपणीच आगीत गेले. १९६९ मध्ये रोलिंग स्टोनमध्ये त्याचा पहिला रिव्ह्यू आला तो एमसी फाइव्ह बँडला झोडपणारा, आणि नंतर तोच बँड त्याच्या सगळ्यात लाडक्या बँडपैकी झाला. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमला त्याने क्रीम बँडची वाईट नक्कल म्हणून उडवून लावलं, आणि दोन वर्षांत त्यांच्यावरच क्रीम मासिकात दोन भागांचा लांबलचक लेख लिहिला, त्यांना गंभीर, नीती सांगणारे लेखक मानून. १९७३ मध्ये रोलिंग स्टोनने त्याला कलाकारांचा अपमान करतो म्हणून बंद केलं. लू रीडचा १९७५ चा मेटल मशीन म्युझिक घ्या, एक तासाच्या वर नुसता गिटारचा फीडबॅक, ना गाणं ना ताल. जेम्स वोलकॉट या क्रिटिकने त्याला अंतराळातल्या फ्रिजची घरघर म्हटलं, लोक रेकॉर्ड परत करत होते, आणि बँग्जने लिहून टाकलं की आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम हाच. मी तो हेडफोनवर पूर्ण ऐकलाय. वीस मिनिटांनी त्या गोंगाटात कुठेतरी सूर ऐकू यायला लागतात, खरंच येतात, ते रीडने ठेवलेत की आपला कान बनवतोय ते कळत नाही. बँग्जने लिहिलं नसतं तर मी पाचव्या मिनिटाला बंद केला असता.

३० एप्रिल १९८२ ला तो न्यूयॉर्कच्या घरी गेला, औषधांच्या मिश्रणाने, वय ३३. 

त्याच्या तीन वर्षं आधी मार्कसने बऱ्याच क्रिटिकना एक प्रश्न विचारून पुस्तक काढलं होतं, निर्जन बेटावर एकच रेकॉर्ड न्यायची तर कुठली. एवढा दंगेखोर बँग्ज, त्याने निवडला गायक व्हॅन मॉरिसनचा १९६८ चा ॲस्ट्रल वीक्स, हळू आवाजातला, डबल बास, बासरी आणि साध्या गिटारचा अल्बम. तो अल्बम भेटला तेव्हा आपण फार वाईट अवस्थेत होतो असं तो सरळ सांगतो. आणि मग मॉरिसनच्या गाण्याबद्दल लिहितो की या माणसाला दोन गोष्टींचा ध्यास आहे, थोड्या जागेत किती अर्थ कोंबता येईल, आणि उलट, एक स्वर, एक शब्द, एक चित्र किती लांबवर पसरवता येईल.

मी हे कॉलेजात असताना झेरॉक्सवर वाचलं. अल्बम हातात आला त्यानंतर सहा वर्षांनी, एका मित्राने कॅसेटवर भरून दिला, बी साइडवर खरखर. 'मॅडम जॉर्ज' शेवटाकडे आलं आणि मॉरिसन तेच दोन-चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागला, बोलताना एखाद्याची जीभ अडकावी तसा, पण अडकत नव्हता, प्रत्येक वेळी शब्द थोडा पुढे सरकत होता, ठुमरीत एकाच बोलाला वळवत राहतात ना तसा, आणि मागे बास त्याची वाट बघत थांबलेला. मी कॅसेट मागे फिरवली आणि तेवढा भाग पुन्हा लावला.